काळजापर्यंत गेलेली वाट

गेल्या वर्षीची गोष्ट. शाळा सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. माझी नात सई पहिलीत होती. शाळेत सरकारी आरोग्य तपासणीचे पथक आले. उंची, वजन, दात, डोळे असे सगळे पाहून झाले आणि पथकातल्या डॉक्टरबाई सईच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून जरा जास्तच वेळ थांबल्या. पुन्हा लावला, मग पाठीला लावला. संध्याकाळी सई घरी आली ती दप्तरात एक चिठ्ठी घेऊन. मुलांच्या आरोग्यतपासणीचा हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, हे मी निवृत्त शिक्षिका असल्यामुळे मला माहीत होते. शाळेत असताना अशा पथकांसाठी मुलांच्या रांगा मीच लावल्या होत्या. पण त्या रांगेतल्या एखाद्या मुलाच्या घरी अशी चिठ्ठी पोचल्यावर काय होते, ते मात्र मला त्या संध्याकाळी कळले.

साताऱ्यात इको झाला. डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून समजावले. बाळ पोटात असताना त्याची फुफ्फुसे काम करत नसतात. म्हणून फुफ्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी आणि शरीराला रक्त पुरवणारी महारोहिणी यांच्यामध्ये निसर्गाने एक आडवाट ठेवलेली असते. जन्मानंतर काही दिवसांत ती आपोआप मिटते. सईची ती मिटली नव्हती. शरीराकडे निघालेले थोडे रक्त पुन्हा फुफ्फुसाकडे वळत होते आणि हृदयाला जादा काम पडत होते. जिना चढताना ती दमायची, वर्षातून चारदा खोकल्याने आजारी पडायची. आम्ही म्हणत होतो, नाजूक आहे, आईच्या वळणावर गेली आहे.

मुलगा आणि सून गप्प बसून होते. मी एकच विचारले, छाती उघडावी लागेल का? डॉक्टर म्हणाले, बहुधा नाही. जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची आणि तिच्यातून तारेची एक छोटीशी छत्री नेऊन त्या वाटेत बसवायची. दोन-तीन दिवसांत मुलगी घरी.

माझा विश्वास बसेना. त्याला कारण होते.

मी आठ वर्षांची असताना, १९६२ साली, मला भाऊ झाला. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी, घरातच. तीन बहिणींच्या पाठीवरचा मुलगा, म्हणून सुईणीला साडी मिळाली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आईच्या लक्षात आले की बाळ दूध ओढताना दमते, आणि रडले की त्याचे ओठ जांभळाच्या रंगाचे होतात. आजीने दृष्ट काढली. बारसे लांबणीवर पडले. कऱ्हाडहून डॉक्टर आले, त्यांनी छातीला नळी लावली आणि आबांना अंगणात बाजूला नेऊन काहीतरी सांगितले. एकोणिसाव्या दिवशी बाळ गेले. त्याला नाव नव्हते, त्यामुळे पुढे कधी त्याचा विषय निघाला तर आई नुसते बाळ म्हणायची. आमच्या घरात हृदय हा शब्द त्यानंतर कुणी सहज उच्चारला नाही.

पुण्याच्या रुग्णालयात सईला आत नेण्यापूर्वी मुलासमोर संमतीपत्र आले. रक्तस्राव, संसर्ग, छत्री जागेवरून सरकणे, क्वचित प्रसंगी जिवाला धोका, सगळे ओळीने छापलेले. सही करताना त्याचा हात थरथरला. तो वाचत होता तेव्हा मी तिथल्या तरुण डॉक्टरांना विचारले की, अहो, माणसाच्या हृदयात अशी नळी घालायचे पहिल्यांदा कुणाला सुचले? आणि कोणत्या आईबापांनी त्याला सही दिली? ते हसले. म्हणाले, आजी, त्याने ती कुणा पेशंटमध्ये घातलीच नाही. स्वतःच्याच हृदयात घातली.

त्या माणसाचे नाव वेर्नर फोर्समान. बाहेरच्या बाकावर बसून मी ते नाव वहीत लिहून घेतले आणि नंतरच्या काही महिन्यांत त्याच्याविषयी मिळेल ते वाचले. आज ते वाचकांना सांगावेसे वाटते, कारण ही गोष्ट जितकी धाडसाची आहे तितकीच ती अडचणीचीही आहे.

फोर्समानचा जन्म २९ ऑगस्ट १९०४ चा, बर्लिनमधला. वडील वकील. पहिल्या महायुद्धात १९१६ साली ते मारले गेले, तेव्हा मुलगा जेमतेम बारा वर्षांचा होता. आई कचेरीत नोकरी करू लागली आणि घर आजीने सांभाळले. एक काका खेड्यात डॉक्टरकी करायचे, त्यांच्यामुळे मुलाच्या मनात वैद्यकी भरली. शिक्षण संपवून १९२९ साली तो बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड या गावातल्या एका लहान रुग्णालयात शस्त्रक्रिया शिकायला लागला. वय पंचवीसच्या आतले आणि डोक्यात एक चित्र.

ते चित्र त्याने एका पाठ्यपुस्तकात पाहिले होते. शोवो आणि मारे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८६१ च्या सुमारास घोड्याच्या मानेतल्या शिरेतून एक नळी थेट हृदयात नेली होती आणि आतला दाब मोजला होता. घोडा शांतपणे उभा. फोर्समानला वाटले, घोड्याला जे सोसले ते माणसाला का सोसू नये? त्या काळी हृदय बंद पडू लागले तर बाहेरून छातीत लांब सुई खुपसून औषध देत. सुई चुकली की रक्तवाहिनी फाटे आणि औषधाऐवजी उपचारानेच माणूस जाई. त्यापेक्षा हाताच्या कोपरातल्या शिरेतून, रक्ताच्याच वाटेने, नळी आत सरकवली तर? शिरा सगळ्या शेवटी हृदयालाच तर मिळतात.

जिवंत माणसाच्या हृदयाला आतून हात लावणे म्हणजे मृत्यू, असे तेव्हा सगळे मानत. वरिष्ठ डॉक्टर श्नायडर यांनी परवानगी नाकारली. रुग्णावर नाही आणि स्वतःवरही नाही. ते फोर्समानच्या घरच्यांच्या ओळखीचे होते, एकुलत्या एका मुलाबद्दल त्याच्या विधवा आईला काय सांगायचे, ही चिंता त्यांना असणारच.

इथे गोष्टीत एक बाई येते. गेर्डा डिट्सेन. शस्त्रक्रियेची उपकरणे तिच्या ताब्यात होती आणि कपाटाच्या किल्ल्याही. तिच्याशिवाय काही मिळणार नव्हते. फोर्समान तिला पुस्तके देऊ लागला, आपली कल्पना समजावू लागला. तिला ती इतकी पटली की, प्रयोग माझ्यावर करा, असे तिनेच त्याला सांगितले. एका दुपारी, सगळे जेवून विश्रांती घेत असताना, त्याने तिला शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजवले आणि तिचे हातपाय पट्ट्यांनी बांधले. तिच्या हाताला आयोडीन लावले. आणि तिला दिसणार नाही असे उभे राहून स्वतःच्या डाव्या कोपराची जागा बधिर केली, शीर उघडली आणि मूत्रमार्गाच्या तपासणीत वापरतात तसली ६५ सेंटीमीटर लांबीची रबरी नळी आत सरकवायला सुरुवात केली.

नळी खांद्याच्या दिशेने बरीच आत गेल्यावर त्याने गेर्डाचे पट्टे सोडले आणि क्ष-किरण विभागाला कळवायला सांगितले. आपल्याला फसवले गेले हे तेव्हा तिला कळले. ती संतापली. पण आता पर्याय नव्हता. दोघे जिना उतरून तळघरातल्या क्ष-किरणांच्या खोलीत गेले. एक सहकारी डॉक्टर धावत आला आणि नळी उपसून काढायला पाहू लागला, त्याला फोर्समानने लाथेने दूर ठेवले म्हणतात. पडद्यावरची सावली स्वतःला दिसावी म्हणून समोर आरसा धरायला लावला आणि त्यात पाहत पाहत नळी पुढे नेली, ती उजव्या कप्प्यात पोचेपर्यंत. मग फोटो काढून घेतला. हृदय चालूच होते.

श्नायडर आधी भडकले, मग फोटो पाहून वरमले. हा शोधनिबंध नोव्हेंबर १९२९ मध्ये छापून आला. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. त्याच सुमारास फोर्समान बर्लिनच्या शारिटे या नामवंत रुग्णालयात झाउअरब्रुख या बड्या सर्जनच्या हाताखाली दाखल झाला होता. झाउअरब्रुख यांना हा प्रकार मुळीच आवडला नाही. असली कामे सर्कशीत शोभतात, शस्त्रक्रियेच्या विभागात नाहीत, असा त्यांचा एकूण अभिप्राय होता. फोर्समानला परत एबर्सवाल्डला यावे लागले. पुढची दोनेक वर्षे त्याने प्रयोग चालू ठेवले. कुत्र्यांवर केले, ते कुत्रे सांभाळले त्याच्या आईने, बर्लिनमधल्या आपल्या घरात. स्वतःवरही पुन्हा पुन्हा केले, नळीतून क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य आत सोडून हृदयाचे चित्र मिळते का ते पाहिले. त्यासाठी हातापायांच्या शिरा किती वेळा उघडल्या गेल्या, याला सुमार नव्हता. दाद कुणी दिली नाही. शेवटी त्याने हृदयाचा नाद सोडला आणि मूत्ररोगांचा सर्जन झाला. १९३३ साली एल्सबेट या डॉक्टर मुलीशी लग्न केले, पुढे सहा मुले झाली.

इथपर्यंत वाचताना मी त्याच्या बाजूने होते. पुढचे पान उलटले आणि थांबले. १९३२ साली, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्याही आधी, फोर्समान नाझी पक्षाचा सभासद झाला होता. कुणी बळजबरी केली म्हणून नव्हे, आपखुशीने. युद्धात तो लष्करात डॉक्टर होता, मेजर या हुद्द्यापर्यंत गेला आणि शेवटी अमेरिकनांचा कैदी झाला. युद्धानंतर पक्षाच्या सभासदत्वामुळे त्याच्या व्यवसायावर बंदी आली. जंगलात लाकडे तोडायचे काम त्याने केले. ब्लॅक फॉरेस्टच्या भागात एल्सबेट खेडेगावची डॉक्टरकी करून घर चालवत होती. बंदी उठल्यावर १९५० पासून तो बाड क्रॉयत्स्नाख या गावात मूत्ररोगांवर उपचार करू लागला.

दरम्यान त्याची नळी मात्र त्याला सोडून जगभर फिरत होती. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी त्याचा जुना निबंध वाचला होता. १९४० च्या दशकात त्यांनी नळी हृदयात नेऊन दाब आणि रक्तातला प्राणवायू मोजण्याची पद्धत पक्की बसवली.

आणि मग ती नळी लहान मुलांपर्यंत पोचली. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९४४ साली निळ्या पडणाऱ्या मुलांवरची पहिली शस्त्रक्रिया झाली. हेलन टॉसिग या बालहृदयतज्ज्ञ बाईंची कल्पना आणि आल्फ्रेड ब्लेलॉक यांचे हात. देशभरातून निळ्या ओठांची मुले घेऊन आईबाप तिथे येऊ लागले. पण कोणत्या मुलाच्या हृदयात नेमके काय बिघडले आहे, हे छाती उघडण्याआधी कसे कळावे? त्यासाठी ब्लेलॉक यांनी नळीची प्रयोगशाळा काढली आणि ती रिचर्ड बिंग यांच्याकडे सोपवली. प्रत्येक कप्प्यात नळी नेऊन दाब मोजायचा, रक्ताचा नमुना घ्यायचा आणि कुठे शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळते त्याचा नकाशा करायचा.

हे बिंग कोण? न्यूरेंबर्गमध्ये जन्मलेले, ज्यू वंशाचे जर्मन डॉक्टर. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांना देश सोडावा लागला. फोर्समान ज्या पक्षात आपखुशीने गेला, त्याच पक्षामुळे परागंदा झालेल्या माणसाने त्याची नळी मुलांच्या कामी आणली. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, पण इतिहासाने असा काव्यात्म न्याय क्वचितच केलेला मी पाहिला आहे.

ऑक्टोबर १९५६ मध्ये कूर्नां आणि रिचर्ड्स यांच्याबरोबर फोर्समानला नोबेल पारितोषिक जाहीर झाले. गावातला एक साधा मूत्ररोगतज्ज्ञ रातोरात जगप्रसिद्ध झाला. पण हृदयाचे शास्त्र आता इतके पुढे गेले होते की त्याला ते गाठणे शक्य नव्हते, आणि हे तो जाणून होता. ड्युसेलडॉर्फच्या रुग्णालयात तो शस्त्रक्रिया विभागाचा प्रमुख झाला. १९७२ साली त्याने आत्मचरित्र लिहिले. १ जून १९७९ रोजी तो गेला, हृदयविकारानेच.

त्याच्या हयातीतच त्या नळीने आणखी एक पाऊल टाकले होते. आतापर्यंत ती फक्त तपासत होती, आता ती उपचार करू लागली. १९६६ साली फिलाडेल्फियाचे विल्यम रॅशकाइंड यांनी नळीच्या टोकाला एक छोटा फुगा बांधला. काही बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन्ही मोठ्या वाहिन्या उलटसुलट जोडलेल्या असतात. शुद्ध रक्त फुफ्फुसाकडेच फिरत राहते, अशुद्ध शरीराकडेच. दोन्ही रक्तांची गाठ पडली नाही तर बाळ काही दिवसांचे सोबती. रॅशकाइंड नळी वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यापलीकडे नेत, फुगा फुगवत आणि झटक्याने ओढून पडद्याला भोक पाडत. ज्या भोकाची आपल्याला एवढी भीती, तेच मुद्दाम पाडायचे. रक्त मिसळे आणि निळे बाळ तिथल्या तिथे गुलाबी होऊ लागे. मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंतचा वेळ मिळे. आजही नवजात बालकांच्या विभागात हा उपाय केला जातो.

१९६६. आमचे बाळ १९६२ सालचे. त्याला हाच आजार होता का, हे कोण सांगणार? मी पुण्याच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते प्रामाणिकपणे म्हणाले की असेलही, नसेलही. असता तरी त्या काळी कऱ्हाडपर्यंत फुगा पोचला नसता. हे ऐकून मला बरे वाटले की वाईट, ते आजही ठरत नाही. दृष्ट लागली नव्हती, आईच्या दुधात दोष नव्हता, एवढे मात्र कळले. हे आईला सांगायला हवे होते, पण ती राहिली नाही.

सईला जो उपचार झाला, त्याचा उगम तर आणखी जवळचा. मिटायची राहिलेली ती आडवाट नळीतून बूच नेऊन बंद करण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न १९६० च्या दशकातच झाला. करणाऱ्याचे नाव वेर्नर पोर्स्टमान आणि जागा पूर्व बर्लिनचे शारिटे. ज्या रुग्णालयाने पहिल्या वेर्नरला वाटेला लावले, तिथेच दुसऱ्या वेर्नरने त्याच वाटेने पुढे जाऊन दाखवले. त्याची नळी जाड होती, लहान मुलांना ती चालत नसे. पुढे नळ्या बारीक झाल्या, आणि १९९० च्या दशकात निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची जाळीदार छत्री आली. तिला स्वतःचा आकार आठवतो. नळीत ती सरळ तारेसारखी ताणून बसते आणि बाहेर पडली की पुन्हा उमलते. निदान तर आता बहुतेक इकोनेच होते. नळी जाते ती मुख्यतः दुरुस्तीला. प्रत्येक मुलाला ती चालते असेही नाही. भोक कुठे आहे, केवढे आहे, मूल केवढे आहे यावर ते ठरते आणि काहींना आजही छाती उघडावीच लागते.

सईला तासाभराने बाहेर आणले. पाय सरळ ठेवून निजायची सक्ती, एवढाच काय तो तिच्यावर अन्याय. तिसऱ्या दिवशी आम्ही खंबाटकीचा घाट उतरून घरी आलो. जांघेत डास चावल्याएवढी खूण होती, महिनाभरात तीही गेली.

पण फोर्समानचे काय करायचे, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. त्याचे आभार मानावेत, तर तो पक्ष आठवतो. न मानावेत, तर सई समोर दोरीच्या उड्या मारते आहे. मुलाच्या हातातले ते संमतीपत्र मला आठवते. त्यातली प्रत्येक ओळ, रुग्णाला विचारल्याशिवाय त्याच्या शरीराला हात लावायचा नाही, हे सांगणारी. डॉक्टरांनी विचारले पाहिजे हा नियम जगाने लेखी स्वरूपात शिकला तो नाझी डॉक्टरांच्या कृत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यानंतर, १९४७ साली. फोर्समानने धोका दुसऱ्याच्या अंगावर टाकला नाही, स्वतःच्या अंगावर घेतला, हे त्याचे मोठेपण. पण त्यासाठी एका विश्वासाने आडव्या झालेल्या बाईला बांधून फसवले, हेही खरे. चांगले काम करणारा माणूस चांगलाच असतो, असे मी वर्गात कितीदा सांगितले असेल. आता सांगणार नाही. कामाचे ऋण मान्य करायचे आणि माणसाचा हिशेब वेगळा ठेवायचा, एवढेच मला या वयात जमते आहे.

दिवाळीच्या सुट्टीत सईला मी ही गोष्ट सांगितली, तिला समजेल तेवढी. घोडा आवडला, आरसा आवडला, कुत्रे सांभाळणारी आई तर फारच आवडली. मग ती जरा वेळ गप्प बसली आणि तिने विचारले, आजी, त्या नर्सला खोटे सांगितले, मग ती रागावली नाही का गं?

रागावली, मी सांगितले. खूप रागावली. पण त्याला एकटे सोडले नाही. त्याच्याबरोबर जिना उतरून गेली.